घरगुती फराळासाठी ऑनलाइन पेमेंट: गेटवेने अर्ज परत पाठवला, आता कोणते कागद करू?

ओवी_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरूनच फराळ, भाजण्या, मेतकूट आणि लोणची विकते. आत्तापर्यंत पैसे माझ्या वैयक्तिक यूपीआयवर यायचे. दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या की कोणाचे पैसे खरंच जमा झालेत आणि कोणी नुसताच स्क्रीनशॉट पाठवलाय हे जुळवण्यात अर्धी रात्र जाते. म्हणून भाच्याने छोटं संकेतस्थळ करून दिलं, त्याला पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी सेवा, जोडायचं ठरलं.

अर्जात पॅन, आधार आणि बचत खात्याचा रद्द केलेला चेक दिला. पडताळणीत अर्ज परत आला. कारणं दोन: व्यवसायाचा पुरावा नाही, आणि बँक खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नाही. पॅनवर माहेरचं नाव आहे, आधार आणि बँकेत सासरचं. मग चालू खातं उघडायला बँकेत गेले, तर तिथे म्हणाले जीएसटी नंबर आणा. माझी वर्षाची विक्री सहा-सात लाखांच्या पुढे नाही. एका एजंटाने उद्यम (लघुउद्योग नोंदणी), शॉप ॲक्ट (दुकान-आस्थापना नोंदणी) आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा नोंदणी) मिळून साडेसात हजार सांगितलेत.

जीएसटी घ्यावाच लागेल का? आणि हे सगळं कुठल्या क्रमाने करावं? दिवाळीच्या आधी व्हायला हवंय.

पालघरचा_मनोज

एजंटाला एक रुपयाही देऊ नका ताई. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे. १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी पोर्टलवर आधारचा ओटीपी टाकून होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. पत्ता डॉट जीओव्ही डॉट इनने संपतोय का तेवढं बघा. शोधल्यावर वर येणारी बरीच पानं खाजगी असतात, दिसतात सरकारी आणि शेवटी पैसे मागतात.

हिशेबनीस

मी लहान व्यावसायिकांची विवरणपत्रं भरायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एकट्या मालक आहात, म्हणजे प्रोप्रायटर. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा व्यवसाय वेगळे नाहीत, पॅनही एकच. पण बँकेला आणि गेटवेला दोन गोष्टींची खात्री हवी असते: तुम्ही तुम्हीच आहात, आणि तुम्ही म्हणता तो धंदा खरोखर चालतो. पहिल्यासाठी पॅन-आधार. दुसऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचे, निर्देश आहेत, मूळ २०१६ चे, नंतर सुधारत गेलेले. त्यात एकल मालकीसाठी धंद्याच्या पुराव्यांची यादी आहे आणि त्यातले कोणतेही दोन द्यायचे असतात. उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्टखालचं प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र, आयात-निर्यात कोड, मालकाच्या नावचं पूर्ण आयकर विवरणपत्र ज्यात धंद्याचं उत्पन्न दाखवलंय, धंद्याच्या पत्त्याचं वीज, पाणी किंवा लँडलाइनचं बिल, वगैरे. जीएसटी हा त्या यादीतला एक पर्याय आहे, सक्ती नाही. दोन पुरावे देणं शक्यच नाही असं बँकेला पटलं तर प्रत्यक्ष जागा पाहून एका पुराव्यावर खातं उघडायची मुभाही त्याच निर्देशांत आहे.

तेव्हा पुन्हा जाल तेव्हा उद्यम आणि विवरणपत्र घेऊन जा आणि शांतपणे सांगा, यादीतले दोन आणलेत. तरी नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बहुतेक ठिकाणी काम पुढे सरकतं.

गेटवेलाही रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. २०२० पासून पेमेंट ॲग्रिगेटरना, म्हणजे अशा गेटवे कंपन्यांना, व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासूनच त्याला जोडावं लागतं. ते उगाच छळतात असं वाटतं, पण बनावट दुकान काढून लोकांचे पैसे घेऊन पसार होणारे कमी नाहीत.

रंकाळा

मला एक कळत नाही, गेटवे हवाच कशाला? मी कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला विकतो. बँकेकडून व्यापारी क्यूआर घेतला, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो, पैसे आले की पार्सल बांधतो. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून कापली जाणारी फी, शून्य आहे. गेटवे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या फीवर वर १८ टक्के जीएसटी. हजाराच्या ऑर्डरीमागे २३ रुपये ६० पैसे गेले. मसाल्याच्या धंद्यात दोन टक्के म्हणजे खेळ नाही.

ओवी_नाशिक

मनोजदादा, हिशेबनीस सर, मनापासून आभार. "कोणतेही दोन" हे मला बँकेत कोणीच सांगितलं नव्हतं.

रंकाळा दादा, तुमचं म्हणणं पटतंय, पण माझ्या निम्म्या ऑर्डरी नोकरी करणाऱ्या मुलींच्या असतात. त्या रात्री अकराला निवांत होतात, तेव्हाच ऑर्डर करतात आणि तेव्हाच पैसे भरतात. सकाळी उठल्यावर कोणाचे पैसे कुठल्या ऑर्डरीचे हे मला आपोआप दिसायला हवं. त्यासाठी दोन टक्के द्यायची तयारी आहे.

रंकाळा

मग ठीक आहे. पण ओळखीच्या गिऱ्हाइकांना क्यूआरच द्या, नव्यांना गेटवे. चकली किती दिवस टिकते तेही सांगा, आमच्याकडे मागणी आहे :)

अपर्णा_ठाणे

ओवीताई, सगळ्यात आधी नाव. उद्यमच्या अर्जातही पॅन तपासला जातो, म्हणजे नावाचा घोळ तसाच ठेवून पुढे गेलात तर तो पायरी-पायरीला आडवा येईल.

गेटवे काय करतो ते सांगते. तुमच्या खात्यात एक रुपया टाकतो आणि बँकेकडून त्या खात्याचं नाव परत येतं. ते नाव आणि पॅनवरचं नाव संगणक ताडून बघतो. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशी तीन भागांची पद्धत. लग्नानंतर बाईचे दोन भाग बदलतात, कधीकधी पहिलाही. पॅनवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं असणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. संगणकाला ही तिघी एकच बाई आहे हे कसं कळणार?

दोन रस्ते आहेत. एक, पॅनवर सासरचं नाव करून घ्यायचं. मी केलं तेव्हा दुरुस्तीच्या अर्जाला छापील कार्डासकट १०७ रुपये लागले होते आणि पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र दिलं. तेव्हाच्या यादीत लग्नपत्रिकासुद्धा होती! दुसरा रस्ता, आधार आणि बँकेत माहेरचं नाव परत आणायचं. हा जरा लांबचा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा त्यातली एक संधी खर्ची पडते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मात्र प्रत्येक मुलीला लग्नाआधी सांगायला हवं. माझ्या लेकीला मी सांगितलंय: एक नाव ठरव आणि प्रत्येक कागदावर तेच ठेव, मग ते कुठलंही असो.

स्पेलिंगही सांभाळा. इंग्रजीत एका कागदावर एक अक्षर जास्त, दुसऱ्यावर कमी असं नको. धंद्याच्या नावाचंही तेच.

मुक्ता_वर्धा

अपर्णाताईंना हजारदा अनुमोदन. माझ्या वहिनीच्या शिवणकामाच्या धंद्याचं खातं याच कारणाने अडलं होतं. तिचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. शेवटी आधी ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी, मग बाकी सगळं. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यायचाही मार्ग आहे, महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. पण लग्नामुळेच नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर बहुतेक कामं होतात.

विनायक_डोंबिवली

जीएसटीचं सोपं आहे. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. सहा-सात लाखांत तुम्ही कुठेच बसत नाही. निर्धास्त राहा.

हिशेबनीस

विनायकराव, अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं ओवीताईंना महागात पडू शकतं. ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. तुम्ही करपात्र माल महाराष्ट्राबाहेर पाठवलात की केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ लागतं आणि उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी सक्तीची होते. चिवडा, चकली, लोणचं हे सगळं करपात्र आहे. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, फराळाला नाही. आणि कंपोझिशन योजना (लहान व्यापाऱ्यांसाठीची ठराविक दराची सोपी जीएसटी योजना) घेऊन राज्याबाहेर माल पाठवता येत नाही.

म्हणून ओवीताई, प्रश्न असा: बेंगळुरू-हैदराबादला पार्सलं जातात का? संकेतस्थळ झालं की तिथून ऑर्डरी येणारच.

ओवी_नाशिक

हो ना, हैदराबादच्या ऑर्डरी दर दिवाळीला असतात. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

हिशेबनीस

मग दोनच पर्याय. नोंदणी घ्या आणि देशभर पाठवा, किंवा या वर्षी संकेतस्थळावर फक्त महाराष्ट्रातले पिनकोड चालू ठेवा. माझं प्रामाणिक मत, पहिलं वर्ष राज्यातच ठेवा. नोंदणी घेतली की विक्री नसली तरी विवरणपत्रं वेळेवर भरावी लागतात, ते ओझं समजून मगच घ्यावं.

इंद्रायणीकाठ

मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळांवरून विकलं तर तिथे जीएसटी लागतोच ना?

हिशेबनीस

पूर्वी लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय, जीएसटी पोर्टलवरून फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन तिथे माल विकता येतो. पण तोही आपल्या राज्यातच. स्वतःचं संकेतस्थळ ही वेगळी गोष्ट, तिथे तुम्ही तुमचाच माल विकता.

जयनगर_मराठी

बेंगळुरूहून लिहितेय. इथे जुलै २०२५ मध्ये काय झालं ते आठवत असेल. व्यावसायिक कर विभागाने यूपीआयवरच्या जमेच्या आकड्यांवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानांत क्यूआर काढून "फक्त रोख" असे कागद लागले होते. भाजी आणि दूधवाल्यांनाही नोटिसा गेल्या होत्या, आणि ताजी भाजी, दूध तर करमुक्त. नुसता करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण ते सिद्ध करायला त्या लोकांकडे खरेदी-विक्रीची वहीच नव्हती.

मला त्यावेळी फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत ज्यांनी विश्वासाने डिजिटल पैसे घ्यायला सुरुवात केली त्यांच्यावरच आधी नजर गेली. म्हणून सांगते, घरखर्चाचे, भिशीचे, भावाने पाठवलेले पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच यूपीआयवर घेऊ नका. नंतर कुठला आकडा विक्रीचा आणि कुठला घरचा हे दुसऱ्याला पटवून देणं फार कठीण जातं.

विनायक_डोंबिवली

म्हणजे रोखच बरं म्हणायचं.

हिशेबनीस

नाही, अजिबात नाही. आयकरात लहान धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. त्यात बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरतात, रोख विक्रीवर ८ टक्के. सात लाखांच्या विक्रीवर हा फरक १४,००० रुपयांच्या उत्पन्नाचा. शिवाय उद्या मशीन घ्यायला कर्ज लागलं तर बँक खात्यातली उलाढालच बघते.

चुलीवरचं

शॉप ॲक्टचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझी पुण्यात छोटी खानावळ आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. लोक अजूनही त्याला गुमास्ताच म्हणतात. मराठी पाटीचा फोटो तयार ठेवा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या आस्थापनांनाही मराठी पाटी आवश्यक आहे. फी नाममात्र.

अडचण अशी की काही शाखांतले लोक ती पावती मानत नाहीत, "हे प्रमाणपत्र नाही" म्हणतात. अरे, कायद्यानेच लहान आस्थापनांना प्रमाणपत्राची गरज ठेवली नाही, तर ते आणायचं कुठून? याचा मला अजून राग आहे.

आणखी एक, हे मनावर घ्याच. माझ्या ओळखीच्या एका डबेवाल्या ताईंच्या खात्यावरची रक्कम एक दिवस अचानक गोठली. एका अनोळखी गिऱ्हाइकाने महिन्याच्या डब्याचे पैसे भरले होते आणि ते पैसे कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतून आलेले निघाले. परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या तक्रारीवरून बँकेने रक्कम अडकवली. त्यांच्याकडे बिल, डब्याची नोंद, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं होतं, म्हणून सुटल्या. प्रत्येक ऑर्डरीचं बिल करा, भले वहीत करा. क्रमांक, तारीख, माल, रक्कम, पत्ता.

पालघरचा_मनोज

आणि "लष्करातून बोलतोय, पन्नास डबे हवेत, ॲडव्हान्ससाठी हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर लगेच ठेवा. पैसे *मिळायला* कधीच पिन टाकावा लागत नाही. "तुमची केवायसी अपुरी आहे, हे ॲप टाका" हाही तसलाच. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन.

कुडाळची_रेवती

आमचा बचत गट आहे, कोकम आगळ आणि काजूचं काम करतो. आमचा प्रश्न वेगळा: खातं गटाच्या नावावर, सह्या अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या. आत्ता सगळे पैसे सचिवांच्या वैयक्तिक यूपीआयवर येतात आणि त्यावरून गटात कुरबूर होते. गटाला वेगळा क्यूआर मिळतो का?

अपर्णा_ठाणे

रेवतीताई, मिळतो. दोघींच्या सहीच्या खात्याला मोबाइलवरचं नेहमीचं यूपीआय ॲप सहसा जोडता येत नाही, कारण तिथे एकटीच्या पिनवर पैसे बाहेर जातात. पण पैसे *घेण्यासाठी* बँक गटाच्या खात्याला व्यापारी क्यूआर देऊ शकते. गटाचा ठराव करा, "अमुक खात्यावर क्यूआर घ्यावा" एवढं इतिवृत्तात लिहा आणि शाखेत द्या. बचत गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते, हेही लक्षात असू द्या. बचत गटांसोबत काम करणाऱ्या उमेद किंवा माविमच्या तालुक्याच्या ताईंना सोबत न्या, शाखेत त्यांचं ऐकतात. सचिवांच्या खात्यावरचे पैसे लवकर थांबवा, त्यांच्याच भल्यासाठी. उद्या आयकरात ती विक्री त्यांच्या नावावर दिसेल.

म्हापसा_मार्केट

गोव्यात शॉप ॲक्ट वेगळा आहे, १९७३ चा. तेव्हा गोवेकरांनी वरचं कामगारांच्या संख्येचं वाचून तसंच धरू नये. रिझर्व्ह बँकेचं "कोणतेही दोन" मात्र इथेही तेच.

इंद्रायणीकाठ

संकेतस्थळावर काय लिहायचं ते राहिलं. गेटवेवाले पडताळणीत संकेतस्थळही उघडून बघतात. संपर्काचा पत्ता आणि फोन, अटी, गोपनीयतेचं धोरण, पाठवणीचं धोरण, परताव्याचं धोरण ही पानं नसली तर अर्ज परत येतो. दुसरीकडचं उचलून चिकटवू नका. कपड्यांच्या दुकानाचं "सात दिवसांत परत" असं फराळाच्या पानावर गेलं तर गिऱ्हाईक खाल्लेला चिवडा परत पाठवेल. सरळ लिहा: "खाद्यपदार्थ असल्याने माल परत घेतला जात नाही. पार्सल फुटून किंवा चुकीचं आलं तर २४ तासांत फोटो पाठवा, पैसे परत करू किंवा नवीन माल पाठवू."

दर आणि वजन स्पष्ट हवेत. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही टाका, खाद्यपदार्थ म्हटल्यावर गेटवे तो मागतातच. मी घेतला तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला नुसती नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये.

रंकाळा

हे पाच पानांचं मला माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

ओवी_नाशिक

मंडळी, प्रगती कळवते. अपर्णाताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी पॅन दुरुस्त करून घेतलं. मग उद्यम स्वतः केलं, भाच्याची मदत फक्त एनआयसी कोड (उद्योगाच्या प्रकाराचा क्रमांक) निवडायला, भाग १० मध्ये खाद्यपदार्थ निर्मिती सापडली. एफएसएसएआय नोंदणीही झाली.

बँकेत उद्यम आणि शॉप ॲक्टची पावती दिली. पावती नाकारली. मग मागच्या वर्षीचं विवरणपत्र पुढे केलं आणि "यादीतले कोणतेही दोन" म्हटलं. मॅनेजर बाईंनी स्वतः निर्देश उघडून वाचले आणि चालू खातं उघडून दिलं. त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. गेटवेचा अर्ज नव्याने भरलाय, खात्यावरचं नाव जुळलं, पाच पानं तपासणीत आहेत. राज्याबाहेरचे पिनकोड या वर्षी बंद ठेवलेत.

एक शंका. गेटवेने धंद्याचा प्रकार विचारलाय, त्यात "रेस्टॉरंट", "किराणा" आणि "बेकरी व मिठाई" असे पर्याय आहेत. काय निवडू?

हिशेबनीस

रेस्टॉरंट नको. तुम्ही जागेवर जेवण वाढत नाही, पॅक केलेला माल विकता. तुमची विक्री प्रामुख्याने फराळाची आहे, तर "बेकरी व मिठाई" जवळचं. उद्यममध्ये जे लिहिलंय, एफएसएसएआयमध्ये जे प्रकार टाकलेत आणि संकेतस्थळावर जे दिसतं ते एकमेकांशी जुळायला हवं. लोणची जास्त जात असतील तर सपोर्टला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि शॉप ॲक्टची पावती नाकारल्याची तक्रार बँकेकडे लेखी कराच, काम झालं असलं तरी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. तुमच्या मागून त्या काउंटरवर येणाऱ्या बाईकडे कदाचित विवरणपत्र नसेल.

चुलीवरचं

ओवीताई, मसुदा इथे टाका, मीही माझ्या शाखेला तोच पाठवतो.

ओवी_नाशिक

आज रात्री टाकते. रंकाळा दादा, चकली हवाबंद डब्यात तीन आठवडे. कोल्हापूर महाराष्ट्रातच आहे, तुमचा पिनकोड चालू आहे.